पाठ

गान गानहून त्रेलेवला बस सहा तास घेते.
मी ते सहाही तास उभ्याने काढले,
सीटचा दांडा धरून,
कारण बसलं की डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत
कुणीतरी तापलेली तार ओढायचं.
ड्रायव्हर आरशातून म्हणाला, रुफीनो,
पैसे बसायचे दिलेस, वसूल तरी कर.

नेरिस बाईंची खोली लहान, कोपऱ्यात गॅसची शेगडी.
भिंतीवर माणसाच्या पाठीचं चित्र, कातडं काढलेलं.
मी म्हटलं, बाई, इंजेक्शन द्या,
लोकरीचा हंगाम दोन महिन्यांवर आलाय.
त्या म्हणाल्या, आधी बूट काढा.
तेच तर होत नाही, मी म्हटलं,
चार महिने शेजारचा पोरगा काढतो.

मग त्यांनी माझ्या हातात झाडूचा दांडा दिला.
झाडूचा!
डोकं, पाठ, माकडहाड,
तिन्हीकडे दांडा टेकलेला राहू दे आणि वाका.
कमरेतून नाही, खुब्यातून.
दार बिजागरीवर फिरतं, मधेच दुमडत नाही.
तीस वर्षं वाकण्याचंच खाल्लं मी,
आणि लेकीच्या वयाची ही बाई मला वाकायला शिकवतेय.
दांडा दर वेळी पाठीवरून सुटायचा.

पहिला आठवडा मी खोटं बोललो.
फोनवर म्हटलं, करतोय.
दुसऱ्या आठवड्यात रात्री उठताना भिंत धरली,
तर पोपडाच हातात आला.
तेव्हा स्वयंपाकघरात घोंगडी अंथरली.

गुडघे वर, पावलं जमिनीवर,
कमरेखालची पोकळी फरशीला लावायची,
दहा मोजायचे, सोडायची.
मग ओणवं होऊन मांजरासारखी पाठ फुगवायची.
मग उजवा हात पुढे, डावा पाय मागे,
आणि सगळं अंग थरथरतंय.
तीसा येऊन कान हुंगते.
कुत्रीला वाटतं माझं काहीतरी हरवलंय.

उताणा पडलो तेव्हा आमचं टेबल पहिल्यांदा खालून पाहिलं.
पेन्सिलीने लेकीचं नाव, एक अक्षर उलटं.
ती आता कोमोदोरोला शाळेत शिकवते.
एवढी वर्षं त्याच्यावर जेवलो.

चौथ्या खेपेला बाईंनी मला कुशीवर वळवलं,
एक तळवा खांद्यावर, एक खुब्यावर,
आणि मी लाकूड झालो.
काहीतरी बोलायचं म्हणून मेंढीचं सांगितलं:
बसती केली की ती लाथा झाडते,
जोवर तिची पाठ आपल्या गुडघ्यांना नीट टेकत नाही.
टेकली की मान टाकते.
पण आपणच अवघडलेले असलो
तर तिला कळतं.
नेरिस बाई काही बोलल्या नाहीत.
हात तसेच ठेवले.
खिडकीची काच वाऱ्यानं वाजत होती.
किती वेळ गेला माहीत नाही,
मी मान टाकली.

मुकादम पोरांना सांगतो, म्हाताऱ्याने पाठ दाखवली.
दाखवलीच. त्रेलेवला जाऊन दाखवली.
आणि मग रोज रात्री ती पाठ केली,
पाढ्यांसारखी, चुकत, पुन्हा पहिल्यापासून.

आता सप्टेंबर. शेडचा पत्रा फडफडतोय.
दुखतं अजून.
पण पोटरीपर्यंत उतरत नाही, कमरेतच कुरकुरतं.
बाई म्हणतात, वर सरकलं म्हणजे चांगलं.
पूर्वी दिवसाला एकशे साठ करायचो, आता शंभर,
आणि पंचवीस झाल्या की मशीन बंद,
लोकरीच्या गठ्ठ्यांमागे आडवा, गुडघे वर.
पोरं हसतात. मुकादम घड्याळ बघतो.

काल ब्राइआन आला, वय बावीस,
हाताला अजून लोकरीचं तेल.
बोलला काही नाही, शेजारी पडला,
गुडघे वर घेतले, नजर छताला.

मी आकडे जरा मोठ्याने मोजले.